वाघाच्या पोटातील बिऱ्हाडकरू

झाडीपट्टीत कार्तिक उजाडला म्हणजे धानाच्या कापणीची एकच धांदल उडते. काही वर्षांपूर्वी अशाच कापणीच्या दिवसांत आमच्या एका बांधीच्या धुऱ्याजवळ, दाट गवतात, मजुरांस मांजराची दोन पिले आढळली. मातकट रंग, अंगावर पुसट पट्टे, कानांच्या टोकांशी केसांचे बारीक झुपके. आमचे गाव जंगलाच्या काठी असल्यामुळे ही घरमांजराची नव्हेत, रानमांजराची, म्हणजे ज्यास कोणी बाऊल म्हणतात त्याची पिले, हे जाणत्यांनी तत्काळ ओळखले. आमच्या नातवाने ती सदऱ्याच्या ओच्यात घालून घरी आणली. 'जेथून आणलीस तेथेच नेऊन ठेव, त्यांची आई रात्री येईल,' एवढे वाक्य आम्ही उच्चारावयास हवे होते. जन्मभर मुलांना शहाणपण शिकविलेल्या आमच्या तोंडून ते निघाले नाही. उलट आम्हीच वाटीत गाईचे दूध ओतले.

पिले सुमारे तीन आठवडे आमच्या पडवीत होती. त्यांच्या पाठीचा कणा हाताला लागे, पण पोटे मात्र नगाऱ्यासारखी फुगलेली. घरातील मंडळी म्हणत, 'दूध अंगी लागले.' एके सकाळी एक पिलू मेलेले आढळले आणि त्याच्या ओकारीत शेवयांसारखे पांढुरके जंत वळवळत होते. तेव्हा कोठे आम्ही गुरांच्या डॉक्टरांकडे धावलो. त्यांनी दुसऱ्या पिलास औषध दिले आणि असा प्राणी घरी ठेवण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे, हे आम्हांस सौम्य शब्दांत पण स्पष्ट सांगितले. त्याच दिवशी ते पिलू आम्ही वनखात्याच्या स्वाधीन केले.

प्रकरण येथे संपले असे आम्हांस वाटले. परंतु माघ महिन्यात आमच्या सहा वर्षांच्या नातीस बारीक ताप येऊ लागला. रात्री खोकला, जेवणावरची वासना उडालेली, यकृत किंचित वाढलेले. रक्त तपासता एका विशिष्ट जातीच्या पांढऱ्या पेशी फार वाढल्याचे दिसले. डॉक्टरांनी विचारले, 'घरात मांजर-कुत्रे आहे काय? मुलगी मातीत खेळते काय?' अंगणात बांधकामासाठी टाकलेला रेतीचा ढीग होता. मुलगी दिवसभर त्यात घरे बांधी, आणि त्याच ढिगात ती दोन पिले व आमची घरची मांजरी मलविसर्जन करीत. औषधोपचाराने मुलगी बरी झाली. परंतु ते दोन महिने आमच्या घरात कोणी मोठ्याने हसले नाही. त्या काळात आम्ही ह्या विषयावर जे मिळेल ते वाचले व जाणत्यांस विचारले. त्याचेच सार आज वाचकांपुढे ठेवीत आहो.

प्रथम आमच्या प्रदेशाविषयी दोन शब्द. पूर्वीचा चांदा जिल्हा फार विस्तीर्ण होता. १९८२ साली त्याचा पूर्वेकडील भाग वेगळा होऊन गडचिरोली जिल्हा झाला. चंद्रपूरकडे ताडोबाचे राष्ट्रीय उद्यान १९५५ साली घोषित झाले. पुढे त्यास अंधारी अभयारण्याची जोड मिळून १९९५ साली सुमारे ६२५ चौरस किलोमीटरचा व्याघ्रप्रकल्प अस्तित्वात आला. वैनगंगेपलीकडे गडचिरोलीत चपराळा व भामरागड ही अभयारण्ये आहेत. ह्या साऱ्या टापूत मार्जारकुळातील चार प्राणी नांदतात: पट्टेदार वाघ, बिबट्या, रानमांजर आणि जेमतेम किलो-दीड किलो वजनाची, जगातील अगदी लहान रानमांजरांपैकी एक अशी वाघाटी. वाघ आणि वाघाटी ह्यांच्या आकारात हत्ती व शेळीएवढे अंतर. परंतु दोघांच्याही पोटात राहावयास येणारे बिऱ्हाडकरू पुष्कळ अंशी एकाच गोत्राचे असतात. गोल जंत, पट्टकृमी, अंकुशकृमी आणि झाडाच्या पानासारखे चपटे पर्णकृमी हे त्यांतील मुख्य होत.

विद्वानांना ह्या कृमींची ओळख झाली तीही वाघामुळेच. १८३६ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात एक वाघ मेला. रिचर्ड ओवेन ह्या शरीरशास्त्रज्ञाने त्याचे जठर उघडून पाहिले, तेव्हा त्याच्या भिंतीत डोक्यावर काट्यांची कडी असलेला एक कृमी रुतून बसलेला आढळला. त्याचे नाव नॅथोस्टोमा स्पायनिजेरम. माणसाच्या शरीरात तो प्रथम सापडला १८८९ साली, सयामात. पुढे १८७८ साली केर्बर्ट नावाच्या शास्त्रज्ञाने अ‍ॅम्स्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयातील बंगाली वाघाच्या फुप्फुसांत सापडलेल्या, कॉफीच्या बीएवढ्या पर्णकृमीचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्या संस्थेचे संचालक वेस्टरमन ह्यांचे नाव त्यास दिले. पॅरागोनिमस वेस्टरमनी तो हाच. हा कृमी फुप्फुसात गाठ करून, बहुधा जोडीने, राहतो. वाघाचे फुप्फुस भेदणारा हा प्राणी वाघात शिरतो कसा? त्याची अंडी थुंकीतून अथवा विष्ठेतून पाण्यात पडतात. त्यांतून निघालेली अळी गोगलगाईत शिरते, तेथून गोड्या पाण्यातील खेकड्यात, आणि तो खेकडा कच्चा खाणाऱ्याच्या पोटात. मग ती आतडे भोसकून, श्वासपटल ओलांडून फुप्फुसात पोहोचते. वाघ काही रोज खेकडे धरीत बसत नाही. परंतु रानडुकरे ते खातात व वाघ रानडुकरांस खातो. रानडुकराच्या मांसात ही अळी न वाढता वाट पाहत राहते, असे जपानात दिसून आले आहे.

वाचक विचारतील, वाघाच्या पोटात काय आहे हे कळते तरी कसे? तेथे हात कोण घालणार? उत्तर अगदी साधे आहे. वाघ आपल्या वाटेवर विष्ठा टाकतो व तिच्यात त्याच्या बिऱ्हाडकरूंची अंडी असतात. आमच्याकडील शेतकरी पेरणीपूर्वी धानाचे बी मिठाच्या पाण्यात टाकतो. दहा लिटर पाण्यास तीनशे ग्रॅम मीठ घातले की पोचट दाणे वर तरंगतात, भरलेले तळाशी बसतात. वरचे तो फेकून देतो. प्रयोगशाळेत युक्ती हीच, फक्त मिठाचे प्रमाण पुष्कळ अधिक आणि फेकून देण्याचा क्रम उलटा. विष्ठा त्या दाट द्रावणात कालवली म्हणजे कृमींची हलकी अंडी पृष्ठभागावर येतात व तीच काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहावयाची. पर्णकृमींची अंडी मात्र जड असल्यामुळे ती तळाच्या गाळात शोधावी लागतात. ह्या रीतीने वाघाला स्पर्श न करता, त्याची झोपमोड न करता, त्याच्या आतड्याची बातमी काढता येते. मेलेल्या वाघाचे शवविच्छेदन पशुवैद्याकडून होतच असते. तेव्हा प्रौढ कृमीही हाती लागतात.

आता आमच्या पडवीतील पिलांच्या पोटात जो होता त्याची हकीकत सांगतो. टॉक्सोकारा कॅटी हे त्याचे शास्त्रीय नाव. घरमांजरात व रानमांजरात हा एकच जंत राहतो, आणि वाघ-बिबट्यांतही हा किंवा ह्याचे भाऊबंद सापडतात. मादी दररोज हजारो अंडी घालते. एकेक अंडे मिलिमीटरच्या चौदाव्या-पंधराव्या हिश्श्याएवढे, पण त्याचे कवच असे चिवट की ओलसर सावलीच्या मातीत ते कित्येक महिने, प्रसंगी वर्षानुवर्षे जिवंत राहते. ताज्या विष्ठेतील अंडे बाधत नाही. मातीत दोन-चार आठवडे मुरले, आत अळी तयार झाली, म्हणजे मग ते घातक होते. मांजराने ते गिळले की अळी आतड्यातून यकृतात, तेथून फुप्फुसात, खोकल्याबरोबर घशात आणि पुन्हा गिळली जाऊन आतड्यात येते व तेथे संसार थाटते. उंदराने गिळले तर अळी उंदराच्या मांसात निजून राहते आणि मांजराने उंदीर खाल्ला म्हणजे जागी होते. ह्याहून विलक्षण गोष्ट अशी की, व्यालेल्या मांजरीच्या दुधातूनही ती पिलांस पोहोचते. आमच्या पिलांची पोटे आमच्या दुधाने फुगली नव्हती. त्यांच्या आईच्या प्रेमळ दुधातूनच तो वारसा त्यांस मिळाला होता. आईपासून तोडून, चुकीच्या आहाराने अशक्त करून आम्ही तो जीवघेणा केला एवढेच.

आणि मनुष्याच्या मुलाने ते अंडे गिळले तर? अळी बाहेर पडते, परंतु हे आपले घर नव्हे हे जणू तिला उमगत नाही. ती आतड्यात न वाढता यकृत, फुप्फुस, क्वचित डोळा अशी वाट चुकलेल्या प्रवाशासारखी भटकत राहते. डोळ्यात शिरल्यास दृष्टी अधू होऊ शकते. १९५० ते १९५२ ह्या काळात अमेरिकेतील संशोधकांनी मुलांच्या अशा आजाराचे मूळ उघड केले. पुष्कळ मुलांस ह्याची बाधा होऊनही काहीच जाणवत नाही, हे खरे. परंतु आमच्या नातीसारखा प्रसंग ज्याच्या घरी येतो, त्यास त्या 'पुष्कळां'चे समाधान फारसे होत नाही.

येथे एका घरगुती समजुतीचा विचार करणे अगत्याचे आहे. 'गोड खाल्ल्याने जंत होतात' असे आपल्या घरोघरी म्हणतात. आमच्या पूर्वजांनी कृमींचा विचार केला नव्हता असे नाही. अथर्ववेदात कृमिनाशनाची सूक्ते आहेत आणि चरकसंहितेच्या विमानस्थानात कृमींचे वीस प्रकार सांगितले आहेत. दूध, गूळ इत्यादी मधुर आहाराने कृमी उपजतात, ही कल्पना त्या परंपरेतूनच रूढ झाली. आज आपणांस ठाऊक आहे की, कृमी कृमीच्या अंड्यावाचून होत नाही. लाडवाने जंत होत नाहीत. लाडू न धुतलेल्या हाताने खाल्ल्याने होतात. परंतु त्याच चरकाने चिकित्सेचे जे तीन भाग पाडले आहेत, ते आजही जसेच्या तसे घेता येतात. अपकर्षण म्हणजे असलेला कृमी काढून टाकणे. प्रकृतिविघात म्हणजे ज्या परिस्थितीत तो वाढतो ती मोडणे. आणि निदानपरिवर्जन म्हणजे मूळ कारणच टाळणे. ह्या तीन शब्दांच्या आधारेच पुढचे विवेचन करतो.

प्रथम वाघापुरते पाहू. रानातील वाघाच्या पोटात कृमी आहेत हे ऐकून कोणी कळवळून म्हणेल, 'मग त्यास औषध का देत नाहीत?' जखमी अथवा पोरक्या बछड्यास नागपूरजवळील गोरेवाड्यासारख्या बचाव केंद्रात आणले म्हणजे कृमींचे औषध देणे योग्यच आहे. पिंजऱ्यातील प्राणी त्याच त्या जागी फिरतो, त्याचीच अंडी त्याच्याच पोटात पुन्हा जातात व कृमींची संख्या बेसुमार वाढते. रानातला वाघ मैलोगणती हिंडतो. त्याची अंडी विखुरतात, उन्हात करपतात. धडधाकट प्राणी थोडेसे कृमी बाळगूनही हरणामागे झेप घेतो. कृमिशास्त्राचा एक नियमच आहे की बहुतेक प्राण्यांत थोडे कृमी असतात आणि थोड्या प्राण्यांत पुष्कळ. ते थोडे कोण? लहान, म्हातारे, जखमी आणि उपाशी. म्हणजे कृमी हा बहुधा आधीच खचलेल्याच्या पाठीवरचा आणखी एक धोंडा असतो. शहाणा बिऱ्हाडकरू घर पाडीत नाही. घर पडले तर तोही रस्त्यावर येतो. पण घरच मोडकळीस आले असेल, तर त्याच्या एका खुंटीनेही भिंत ढासळते. तेव्हा वाघाचा प्रकृतिविघात होऊ न देणे, म्हणजे त्याचे रान सलग राहणे, त्यात चितळ, सांबर, रानडुकरे पुरेशी असणे, पाणी असणे, हेच रानातल्या वाघाचे खरे कृमिऔषध होय.

आता रानाची कड. ब्रह्मपुरी, मूल, सिंदेवाही ह्या बाजूंस रान कोठे संपते व शेत कोठे सुरू होते हे सांगणे कठीण. माजी मालगुजारी तलाव, शेतातील बोड्या आणि पाण्याने भरलेल्या बांध्या येथे बेडूक, खेकडे, गोगलगाई व डोळ्यांस जेमतेम दिसणारे जलपिसू विपुल असतात. रानमांजर बेडूक खाते आणि त्यातून स्पायरोमेट्रा नावाचा पट्टकृमी मिळविते. त्याची अंडी पुन्हा त्याच पाण्यात पडतात व जलपिसूंच्या द्वारे बेडकात जातात. उंदराच्या यकृतात मोत्यासारखी पांढरी गाठ करून राहणारा दुसरा पट्टकृमी उंदीर खाणाऱ्या मांजरात वाढतो, मग ते मांजर आमच्या ढोलीवरचे असो की धुऱ्यावरचे. उंदीर दोहोंचा एकच, बेडूक एकच, माती एकच. आमच्या नातीस बाधलेले अंडे रानमांजराच्या पिलांचे की आमच्या घरच्या मांजरीचे, हे कोणताही डॉक्टर सांगू शकला नसता. आणि खरे सांगावयाचे तर ह्या प्रश्नास अर्थच नाही. आम्ही 'रानातून रोग आला' म्हणतो. रानमांजराला वाचा असती तर तेही म्हणाले असते की गावातून आला. आमची मोकाट मांजरे व कुत्री रानात जाऊन आपल्या पोटातील ऐवज तेथे टाकून येतातच की!

मग गृहस्थाने करावे काय? निदानपरिवर्जन. घरच्या मांजरास व कुत्र्यास पशुवैद्याच्या सल्ल्याने वेळोवेळी कृमींचे औषध द्यावे. पिलांस ते तिसऱ्या आठवड्यापासून दूध तुटेपर्यंत दर पंधरवड्याने देण्याचा प्रघात आहे. ताजी विष्ठा बाधत नाही, हे वर सांगितलेच. म्हणून ती रोजच्या रोज उचलून खोल पुरली तर अंड्यास मुरावयास अवसरच राहत नाही. रेतीचा ढीग झाकून ठेवावा. मुलांनी मातीत खेळू नये असे आम्ही म्हणणार नाही. खेळावे आणि जेवणापूर्वी साबणाने हात धुवावेत, नखे काढावीत. परसातील कोथिंबीर, मुळा, गाजर स्वच्छ पाण्याने धुवावे. पाणी गाळून प्यावे ही आपल्या शास्त्रकारांची आज्ञा केवळ सोवळ्याची नव्हती; नारूचा जंतू जलपिसूंतूनच पोटात जाई आणि गाळलेल्या पाण्याचा त्याच्या निर्मूलनात मोठा वाटा होता. २००० साली भारत नारूमुक्त ठरला, तो पाणी गाळणाऱ्या हातांनीच. २०१५ पासून शाळांतून मुलांस जंतांची गोळी देतात, ती अवश्य घेऊ द्यावी. मात्र ती माणसाच्या आतड्यातील जंतांसाठी आहे, तिच्या भरवशावर अंगणाची स्वच्छता सोडू नये. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी खेकडा शिजत नसेल. परंतु शेतावर राबणाऱ्यांच्या घरी तो शिजतो. अर्धाकच्चा खेकडा खाऊ नये, हे त्यांस सांगणे आपले काम आहे. ईशान्येकडे, मणिपूर वगैरे प्रांतांत, फुप्फुसातील पर्णकृमीचे रोगी क्षयाचे समजून त्यांस क्षयाची औषधे दिल्याची उदाहरणे आहेत.

आणि शेवटचे: धुऱ्यावर पिले दिसली तर उचलू नयेत. त्या तुकड्याची कापणी थोडी मागे ठेवावी, माणसांनी दूर व्हावे. आई बहुधा आसपासच असते. ती न आल्यास वनखात्यास कळवावे.

नातीच्या आजारात आमच्या घरी एक वाद झाला, तो सांगून लेख पुरा करतो. आमच्या वहिनी, ज्यांच्या शब्दाबाहेर घरात कोणी नाही, म्हणाल्या, 'भाऊजी, मांजर म्हणून ह्या उंबऱ्याच्या आत नको.' पोरीची अवस्था पाहून आम्हीही होकार दिला. घरची मांजरी दूरच्या वाडीत धाडली. दीड महिन्यात उंदरांनी ढोलीचा तळ पोखरला, बियाण्याच्या धानाची धूळधाण केली आणि उंदरांच्या मागे एक नागही परसात येऊन गेला. तेव्हा वहिनींनी स्वतःच माणूस पाठवून मांजरी परत आणविली. येताच तिला पशुवैद्याकडे नेले. औषधाचा दिवस त्यांनी पंचांगात एकादशीच्या शेजारी खुणेने मांडून ठेवला आहे आणि तो त्या एकदाही चुकवीत नाहीत. रेतीच्या ढिगावर ताडपत्री आली. नात आता शाळेत जाते, आणि घरात शिरताच कोणी न सांगता मोरीकडे वळते.

त्या मेलेल्या पिलाचे मात्र आम्हांस काही करता आले नाही. दर कार्तिकात कापणी सुरू झाली म्हणजे आम्ही स्वतः धुऱ्यावर जाऊन उभे राहतो आणि मजुरांस सांगतो, 'त्या कोपऱ्यातले गवत आज राहू द्या.'